गाडीच्या पोटाखाली

त्या दोघांची पहिली भेट झाली ती आडवं पडूनच. ती टॉर्च घेऊन गाडीखाली डावीकडून सरकली आणि त्याच वेळी उजवीकडून कोणीतरी मोजपट्टी घेऊन सरकत आलं. रेसच्या गाडीखाली जागा ती केवढी! जॅकवर चढवली होती म्हणून बरं, तरीही नाकाला नाक लागायचंच काय ते बाकी राहिलं.

"तुम्ही कोण?" तिने विचारलं.

"तपासनीस. नव्या नियमाप्रमाणे तळ बघायला आलोय. तुम्ही?"

"हा तळ मी डिझाइन केलाय."

"अरे वा... सुंदर आहे," तो म्हणाला, आणि त्याचे कान लालबुंद झाले. "म्हणजे — तळ."

सगळ्या गॅरेजांमध्ये त्याला 'फूटपट्टी' म्हणत. माणूस उंच, ताठ, आणि सख्ख्या भावालाही केसभर सूट देणार नाही अशी ख्याती. तो गाडीला सुंदर म्हणाला हे कोणाला सांगितलं असतं तर लोकांनी तिलाच वेड्यात काढलं असतं.

त्या वर्षीचा नियम असा होता की, गाडीचा तळ आधीपेक्षा पंधरा मिलिमीटर उंच हवा. तळाखालून धावणारी हवा गाडीला रस्त्याकडे ओढून धरते. तळ वर गेला की ही ओढ कमी होते आणि वळणावर वेग आवरावा लागतो. नियम करणाऱ्यांना तेच हवं होतं. गडगंज संघांनी गाडीला वरून खाली दाबणारे मोठाले पंख बसवून भरपाई केली. तिच्या संघात एक गाडी आणि नऊ माणसं, पंखांची चैन कुठली परवडायला! तिने नियमपुस्तक तीनदा वाचून काढलं. मधला पट्टा सपाट हवा, असं त्यात होतं. दोन्ही कडांबद्दल चकार शब्द नव्हता. तिने कडा मागच्या बाजूला अलगद वर उचलल्या, त्यामुळे गेलेली ओढ बरीचशी परत आली. शिवाय बाकीचे संघ धोका नको म्हणून उंची तीन मिलिमीटर जास्तच ठेवत, तिथे हिने ठेवली फक्त अर्धा.

"अर्धा मिलिमीटर?" फूटपट्टीने दोनदा मोजून विचारलं. "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"तुमचा नियम संपला की लगेच माझी गाडी सुरू होते. मधली जागा वाया का घालवू?"

"म्हणजे मी दार लावायचं आणि तुम्ही खिडकीतून यायचं."

"खिडकी उघडी कोणी ठेवली?"

"पुढच्या वर्षी कडांचाही नियम करायला लावतो, बघाच."

"लावा की! नियम नसतील तर मी दिवसभर करू काय?"

तो हसला. फूटपट्टीला हसताना बघायला पलीकडच्या गॅरेजमधून दोघं डोकावून गेले.

मग प्रत्येक शर्यतीला हेच होऊ लागलं. बाकीच्या गाड्या तो पाच मिनिटांत उरकायचा, हिच्या गाडीला मात्र वीस मिनिटं लागायची. तिचे बाबा त्याच संघात मुख्य मेकॅनिक होते. एकदा ते पाना पुसत म्हणाले, "आपली गाडी एवढी लांब कधी झाली गं?" तिने ऐकलंच नाही असं दाखवलं, पण हातातला स्क्रू मात्र उलटा फिरत होता.

बाबांनी सव्वीस वर्षं गाड्या बांधल्या होत्या आणि पहिला नंबर एकदाही पाहिला नव्हता. मोसमाच्या शेवटच्या शर्यतीनंतर ते निवृत्त होणार होते. तिला दुसरं काही नको होतं. एकदाच, फक्त एकदाच, बाबांची गाडी सगळ्यांच्या पुढे हवी होती.

आणि शेवटच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी, पात्रता फेरीत, त्यांची गाडी खरोखर सगळ्यांत वेगवान ठरली! बाबांनी तिला कडकडून मिठी मारली. मग गाडी मोजणीच्या चार लोखंडी पाट्यांवर, प्रत्येक चाकाखाली एक, अशी उभी राहिली. फूटपट्टी खाली वाकला... आणि बराच वेळ वर आलाच नाही.

"मागची डावी बाजू," तो कसंबसं म्हणाला, "दीड मिलिमीटर कमी. गाडी बाद."

बाबा मटकन टायरवर बसले.

"शक्य नाही," ती म्हणाली. "बाबांनी स्वतः मोजलंय. माझी गाडी बरोबर आहे, तुमची पाटी चुकतेय."

बघायला आलेला एका गडगंज संघाचा प्रमुख खो खो हसला. "आता काय, प्रेमाखातर पाट्यासुद्धा हलणार!"

फूटपट्टीचे कान पेटले. पाटी तपासायला नाही म्हणणं किती सोपं होतं... त्याने तिच्याकडे पाहिलं, खिशातून पाणसळ काढली आणि थेट त्या प्रमुखाच्याच हातात दिली. "तुम्हीच ठेवा पाटीवर."

बुडबुडा सरकला तो पार टोकाला जाऊन बसला. पाटीच्या पायाचा बोल्ट ढिला होऊन ती दोन मिलिमीटर खचली होती. इतरांकडे तीन मिलिमीटरची मोकळीक होती म्हणून कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"चूक माझी," फूटपट्टी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "सकाळनंतर मी पाट्या पुन्हा तपासल्या नाहीत. सगळ्या गाड्या परत मोजू. माप हेच घेतील, मी हात लावणार नाही."

प्रमुखाने तोंड वाकडं करत मापं घेतली. तिची गाडी नियमाच्या वर भरली, बरोब्बर अर्धा मिलिमीटर! त्या क्षणी तिला कळून चुकलं की आपण या माणसाच्या प्रेमात आकंठ बुडालोय.

दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी पहिल्या वळणाला जी पुढे गेली ती शेवटपर्यंत कोणाच्या हाती लागली नाही. जिथे बाकीच्यांचे ब्रेक लागत होते, तिथे ती रस्त्याला चिकटून सुसाट निघत होती. संघातल्या बाकी सगळ्यांनी बाबांना खांद्यावर घेतलं. ते एकाच वेळी रडत आणि ओरडत होते, आणि चषक त्यांनी चुकून उलटा धरला होता.

त्या गोंधळात फूटपट्टी तिच्याजवळ येऊन उभा राहिला. हातात एक घडी घातलेला कागद होता.

"मी यापुढे तुमची गाडी तपासणार नाही."

"का? रागावलात?"

"नियम आहे. तपासनिसाचं ज्या संघात नातं असेल, त्या संघाची गाडी त्याने मोजायची नाही."

"पण आपलं नातं... कुठे आहे?"

"तेच विचारायला आलोय. अर्ज भरलाय, पण हा एक रकाना — मला एकट्याला भरता येईना."

तिने कागद उघडला. 'नात्याचं स्वरूप' या शब्दांपुढे जागा कोरी होती. तिने त्याच्या खिशातलं पेन ओढून घेतलं, कागद त्याच्याच छातीवर टेकवला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं : होणारी बायको.