आमेन राहून गेलं

मृत्यूला देशांच्या सीमा नसतात. त्याला व्हिसा लागत नाही. कुठलंच दार त्याला अडवू शकत नाही.

जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनमध्ये मात्र जिन्याखालचं दार नीट ओढून घ्यावं लागतं. नाहीतर तळमजल्यावरची बाई चिठ्ठी लावते.

तर, पुढचं सगळं खरं आहे. उत्कर्षा माझ्या मावसबहिणीची सून. रसायनशास्त्रात डॉक्टरेट, नोकरी तिथेच. तिला वाढवून सांगता येत नाही. लग्नातल्या भाषणात नवऱ्याबद्दल ती "समाधानकारक" एवढंच म्हणाली होती.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. रविवार संध्याकाळ.

तो नवरा, जीवन, आफ्रिकेत मिशनच्या शाळेवर होता. देशाचं नाव सांगत नाही, तिथे अजून आपली माणसं आहेत. दंगली पेटल्या होत्या. सोडवायला विमान येणार होतं. उद्या. मग परवा. मग पुन्हा उद्या. जीवन आणि म्हातारे पाळक राजाभाऊ बॅगा भरून व्हरांड्यात बसलेले.

रोज जेवणाआधी फोन यायचा. इकडे उत्कर्षा ताट वाढून डोळे मिटायची, तिकडून जीवन प्रार्थना म्हणायचा. मागून राजाभाऊ खाकरायचे, "अरे, तिच्या हीटिंगचंही सांग देवाला. थंडी आहे तिकडं."

मग एक दिवस फोन लागेना. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतरही नाही.

त्या रविवारी तिने आमटी-भात वाढला. फोन ताटाशेजारी ठेवला. वाट पाहिली. जर्मनीतला रविवार, रस्त्यावर साधं दारही आपटत नव्हतं.

शेवटी एकटीनेच डोळे मिटले.

शब्द सुचेनात.

आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीतून... कुणीतरी खाकरलं.

"हे स्वर्गीय पित्या..."

मराठीत. म्हाताऱ्या, नगरकडच्या आवाजात.

दुसऱ्या कुणीही डोळे उघडले असते. पण उत्कर्षाचे वडील यादवराव चर्चचे पंच. आमेनच्या आधी डोळे उघडणाऱ्या पोराला त्या घरात आमटी मिळत नसे. भीतीपेक्षा ती सवय जुनी. तिने पापण्या आणखी आवळल्या.

"...पोरगं पुलापाशी आलंय. पुढे टायर पेटवलेत त्यांनी. त्याला डावीकडे वळव, प्रभू. डावीकडे..."

आवाज थांबला.

ती आमेनची वाट पाहत राहिली.

घड्याळ ऐकू येत होतं. फ्रीज ऐकू येत होता. समोरचा श्वास मात्र... नव्हता.

आमेन आलंच नाही.

भात गार होऊन त्याचा गोळा झाला, तेव्हा फोन वाजला.

"उत्कर्षा? विमान आलंच नाही, गाडीने सीमा ओलांडली गं. ठीक आहे मी."

ती रडली. समाधानकारक रडली. मग म्हणाली, "राजाभाऊंना दे."



"राजाभाऊ नाहीत. फोन बंद पडले तेव्हापासून ताप होता, उतरलाच नाही. सकाळी शाळेच्या आवारातच पुरलं त्यांना."

उत्कर्षा समोर पाहायचं टाळत होती. "जीवन, पुलापाशी कुठे वळलात तुम्ही?"

"...पुलाचं तुला कुणी सांगितलं?"

"कुठे वळलात?"

"डावीकडे." त्याचा आवाज बारीक झाला. "मागच्या सीटवरून राजाभाऊ म्हणाले, डावीकडे घ्या. मी ड्रायव्हरला सांगितलं. मग मागे वळून पाहिलं..."

"आणि?"

"नुसत्या बॅगा."

आता तिने समोर पाहिलं.

खुर्ची टेबलापासून मागे सरकलेली होती. बसलेला माणूस उठून गेल्यावर राहते, तेवढी.

जीवन आता घरी आहे. रोज संध्याकाळी दोघं प्रार्थना करतात, आमेन म्हणतात. पण डोळे लगेच उघडत नाहीत. समोरून अजून कुणाचं तरी... संपायचं आहे, असं दोघांनाही वाटतं. दोघंही एकमेकांना तसं सांगत नाहीत. मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं.

हे काय असावं, असं मी उत्कर्षाला विचारलं. ती म्हणाली, "माहीत नाही, मामा."

तिच्या तोंडून हे वाक्य मी आधी कधी ऐकलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हा एवढंच म्हणतो. कधी त्यांच्याकडे जेवायला गेलात, तर त्या खुर्चीवर कोट तेवढा टाकू नका.