दाराशी टेकवलेला खराटा

मुलांनो, डोळे मिटा आणि एक दार बघा. त्याला खराटा तिरका टेकवलेला आहे. आमच्या कोर्पिवारा गावात याचा अर्थ एकच, घरात कोणी नाही. तेव्हा कुलूप कोणी लावत नसे.

त्या शनिवारी तैमीआजी आणि तिची नात साइमी रानातून बेरी वेचून परतल्या. खराटा जागच्या जागी होता. चुलीशेजारचं, भाकरीचं पीठ आंबवायचं लाकडी पिंप मात्र नव्हतं.

साइमी हेल्वीकडे धावली. हेल्वी गावातल्या हरवलेल्या गाई, होड्या शोधून देई. ओइवा तिची गाडी चालवी आणि शंका काढी.

"एका पिंपासाठी पेट्रोल जाळायचं?" ओइवा म्हणाला.

"काका, युद्धात सीमेपलीकडून पळताना आजीने तेवढंच आणलं. त्याच्या लाकडात आमच्या जुन्या गावचं विरजण मुरलंय. उद्या त्या गावची माणसं भाकरी खायला जमणार आहेत. दुसऱ्या कोणाकडे ते विरजण नाही."

बोलताना तिने खिशातून एक चिमुकला लाकडी पेला काढला. आत करड्या पिठाची खपली होती.

"शी, हे धुवत नाहीस?" ओइवाने नाक मुरडलं.

"बाहुलीची भाकरी आहे. आजीनेच पिंपातलं पीठ दिलं. आजी म्हणते, पिठाच्या लाकडाला पाणी लावायचं नाही."

तिघं आजीच्या घरी पोचले, तेव्हा पायरीवर संग्रहालयाचे लिंडक्विस्ट साहेब उभे होते. राजधानीतून आलेले. पिंप विकत मागायला त्यांची ही तिसरी खेप. त्यांनी दाराचा खराटा उचलला, बुटांचा चिखल झाडला आणि खराटा भिंतीशी ठेवून दिला.

"सकाळी आलो होतो. बराच वेळ दार ठोठावलं," ते म्हणाले.

ओइवा हेल्वीच्या कानाशी लागला. "हाच. तोंडावर लिहिलंय."

तैमीआजीने खराटा पुन्हा दाराला टेकवला. घरात बसवेना, म्हणून ती पायरीवरच बसली.

"आजी, आणखी काही गेलंय?" हेल्वीने विचारलं.

"सौनाच्या न्हाणीतल्या बादल्याही दिसत नाहीत. आज आंघोळ राहिली."

शेजारी कालेर्वो कुंपणापाशी लाकडं फोडत होता. तोही सीमेपलीकडे राहिलेल्या त्याच गावचा. त्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

"कालेर्वो, सकाळी चोर दिसला?"

"नाही."

"कोणी परका आत गेला?"

"नाही."

ओइवा पुटपुटला, "याच्याशी बोलण्यापेक्षा ओंडक्याशी बोलावं."

हेल्वी हसली. "विचारलं तेवढंच सांगतो. चूक माझ्या प्रश्नांची आहे. साहेबांना खराट्याचा अर्थच ठाऊक नाही. नाहीतर बंद दार ठोठावत बसले नसते. पिंप नेणाऱ्याने खराटा होता तसा टेकवला. म्हणजे तो इथलाच. पिंपाबरोबर बादल्याही गेल्या. चोराला जुन्या बादल्या कशाला? पण लाकूड सुकलं की भेगा पडतात. पाहुणे यायच्या आधी आपली माणसं अशी भांडी कुठे ठेवतात?"

"तळ्यात," ओइवा म्हणाला आणि त्या ओल्या बाह्यांकडे बघतच राहिला.

"कालेर्वो, पिंप कुठे आहे?"

"धक्क्याखाली. गळायला लागलं होतं. उद्या लोकांपुढे तैमीची फजिती नको."

त्याने दोर ओढला. बादल्या वर आल्या, मागून पिंप. लाकूड भिजून फुगलं होतं, एकही फट उरली नव्हती. तैमीआजीने आतून हात फिरवला. लाकूड गुळगुळीत, स्वच्छ. विरजणाचा मागमूस नव्हता.

"जन्मभर माझी भाकरी खाल्लीस मेल्या, ती होते कशी ते एकदा तरी विचारायचंस."

"तू बोलावून वाढायचीस. मी खायचो."

कालेर्वोने टोपी काढली. तळ्यापलीकडे सीमेवरचं रान होतं आणि त्याच्याही पलीकडे ते गाव.

मग हेल्वीने हळूच विचारलं, "साइमी, बाहुलीचा पेला कधी भिजवलास?"

"कधीच नाही."

साइमी क्षणभर पेल्याकडे बघत राहिली. मग ती धावत घराशी गेली, दाराचा खराटा बाजूला केला, आणि आत जाऊन विरजण पुन्हा जागवायला पेल्यातली खपली कोमट पाण्यात सोडली.