लेइमाराचं बेणं

दिवा बारीक करा. कावाच्या मुळीचा रस प्यालात ना, मग आता आवाज खाली ठेवा. मासिंगचं सांगतो. तुमच्यातल्या निम्म्यांनी त्याच्या कबरीवर माती टाकली आहे, तेव्हा मला थापा मारायची सोय नाही. जायच्या आधी त्यानं स्वतः मला हे सांगितलं.

गेल्या वर्षी ऑगस्टातल्या तिसऱ्या शनिवारी मासिंग, त्याचा मुलगा हारिसन आणि सून रेलीन होडी घेऊन समोरच्या लोपेवी बेटावर गेले. वादळानं आपलं कोनफळाचं बेणं कुजवलं होतं, आणि डोंगरावरच्या जुन्या मळ्यांत थोडंफार मिळेल अशी आशा होती. दुपारी परतायचं, रविवारी चर्चमध्ये बसायचं, असा साधा बेत. चौऱ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याचं तिथं काय काम, म्हणून हारिसननं चेष्टा केली, "बाबा, बेणं आणायला येताय की डोंगराची तब्येत बघायला?" मासिंग हसला नाही. मरायच्या आधी त्याला तिथं एक नाव घ्यायचं होतं.

लोपेवीवरून निघताना होडी पाण्यात ढकलली की एकेकाचं नाव पुकारायचं, ज्यानं त्यानं 'आहे' म्हणायचं, मगच निघायचं. साठ साली डोंगर फुटला आणि सगळे लोपेवी कायमचं सोडून निघाले, तेव्हाही मासिंगच्या बापानं नावं पुकारली होती. राखेनं दिवसा अंधार झाला होता. मासिंगची सोळा वर्षांची बहीण लेइमारा बेणं आणायला वर मळ्यात पळाली होती. दुसऱ्यांच्या बेटावर रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणाली. बापानं तिचं नाव घेतलं. नऊ वर्षांचा मासिंग भीतीनं अर्धा झाला होता. होडी थांबायला नको, म्हणून त्यानं मान खाली घालून तिच्या जागी 'आहे' म्हटलं. होडी सुटली. हे त्यानं पुढं बापालाही सांगितलं नाही.

त्या शनिवारी दिवसभर खणून त्यांना एकही बेणं मिळालं नाही. ओहोळानं दरड उभी कापली होती. काळी राख, तिच्यावर लाल दगड, त्याच्यावर पुन्हा राख. डोंगर असाच वाढतो, एकेका फुटण्याचा थर अंगावर चढवत. सगळ्यात खाली वीतभर तपकिरी माती दिसत होती. मासिंगनं तिच्यावर हात ठेवला. तो त्यांचा मळा होता. माती गरम होती.

निघायच्या आधीच इंजिन बिघडलं. दुरुस्त होईतो रात्रीचे साडेआठ वाजले. चंद्र नव्हता. हारिसननं होडी पाण्यात ढकलली. मासिंग नावं पुकारू लागला.

"हारिसन."

"आहे."

"रेलीन."

"आहे."

स्वतःचं नाव त्यानं घेतलं, उत्तरही दिलं. मग थांबला...

"लेइमारा."

हे कोण, म्हणून हारिसन विचारणार होता. तेवढ्यात दरडीकडून उत्तर आलं.

"आहे."

आवाज बाईचा नव्हता. लहान पोराचा होता. मासिंगनं तो ओळखला. त्याचाच होता.

म्हातारा रडायला लागला. "तो खोटं बोलतोय," म्हणाला. "ताई... तू ये."

काही नाही...

मग होडी कलली. कुणी काठावर पाय ठेवावा तशी. आणि पुन्हा सरळ झाली. पण आता ती खोल बसली होती.

रेलीननं पाय जवळ ओढले. मधल्या फळीकडे कुणी पाहिलं नाही... बेटांमधलं पाणी ओलांडेपर्यंत.

इथं किनाऱ्याला लागल्यावर होडी एकदम हलकी झाली. हारिसननं बत्ती धरली. मधल्या फळीवर कोनफळाचं एक बेणं होतं. नुकतं कापलेलं. राखेनं माखलेलं. तो वाण साठ सालानंतर आपल्या बेटावर कुणी लावलेला नाही.

तीन आठवड्यांनी मासिंग गेला. बेणं लावायची हारिसनची छाती झाली नाही, टाकायचीही नाही. रेलीननं ते चुलीपासून लांब, फळीवर ठेवलंय. वर्ष झालं. सुकलं नाही, कोंब नाही.

काल मी हात लावून पाहिला.

गरम आहे.