कुणीच न बसलेली खुर्ची

टेम्पोतून खुर्ची उतरली ती सकाळ अगदी साधी होती. खुर्च्या विणायच्या दुकानात वेताच्या पट्ट्या टबात भिजत पडलेल्या, मिस्त्री चहा पिता पिता साऱ्या जगाच्या नावानं बोटं मोडत बसलेला, आणि ती जमिनीवर मांडी घालून एका स्टुलाची बैठक विणत होती. मिस्त्री तिला 'कारागीर' म्हणायचा. कामाला लागली त्या दिवशी त्यानं नाव विचारलं, तर ही गप्प. ती ज्या पंथात वाढली, तिथं सगळ्या मुलींना एकच नाव, 'दासी'. आईनं ठेवलेलं नाव सांगायला हिची जीभ रेटेना.

"राहू दे," मिस्त्री म्हणाला होता. "सापडलं की सांग. तोवर कारागीर."

खुर्ची दोघांनी कण्हत कण्हत उतरवली. एक ड्रायव्हर आणि दुसरा तिचा सख्खा मामा.

तिनं आधी ओळखली ती खुर्ची, मामाला मागाहून. उंच पाठीची, काळ्या लाकडाची. पंथाच्या सभागृहात मधोमध असायची. तिच्यावर कुणी बसायचं नाही. तिथं डोळ्यांना न दिसणारे 'ते' बसलेले असतात आणि सगळं बघतात, अशी शिकवण. पोराचं काही चुकलं की त्याला तिच्यासमोर उभं करायचे, पाय सुजेपर्यंत. हिच्या चुका फार. एकदा तर नुसती हसली म्हणून उभी राहिली होती. पंथ सोडून वर्षं झाली, तरी कुठंही रिकामी खुर्ची दिसली की ही अंग चोरून बाजूनं जायची आणि पुटपुटायची, "चुकले." घरी जेवायची तीही उभ्यानंच. स्वतः विणलेली एक खुर्ची होती घरात. तिच्यावर कपड्यांच्या घड्या रचून ठेवायची, रिकामी दिसायला नको म्हणून.

"मामा..."

"मी कुणाचा मामा नाही," मामा मिस्त्रीकडे बघत म्हणाला. "वेत बदलायचाय. संध्याकाळी नेतो. आणि हो, हिच्यावर बसू नका कुणी."

"नाही बसत. डोक्यावर घेऊन नाचतो," मिस्त्री म्हणाला. "अहो, विणणारा स्वतः बसल्याशिवाय खुर्ची या दारातून बाहेर जात नाही. भार पेलते की नाही, कळायचं कसं?"

"हिच्यावर आजवर कुणीही बसलेलं नाही."

"मग वेत कशानं तुटला? नजरेनं?"

मामा टेम्पोत चढला.

आता सांगतो ते खोटं वाटलं तर वाटू दे. ती जुना वेत कापायला बसली आणि सुरी हातातच राहिली. एखादा जाडजूड माणूस वर्षानुवर्षं रोज बसावा, तशी बैठक मधोमध खोल गेलेली. पुढची कड घासून गुळगुळीत. खुर्चीच्या हातांवर बोटांच्या झिजलेल्या जागा. आणि वास... कधीच न उघडलेल्या खोलीचा.

"मिस्त्री, खरंच कुणी बसत नव्हतं हो. मी समोर उभी असायचे ना."

मिस्त्रीनं त्या खोलगटात मूठ घालून पाहिली आणि पँटला पुसली. एरवी त्याचं तोंड बंद पडत नाही. "विण तू," तो हळूच म्हणाला. "बसायचं माझ्याकडे लागलं."

"नाही. विणणार मी, तर बसणारही मीच."

दुपार विणण्यात गेली. मग तिनं पदराला हात पुसले आणि बसली.

काही म्हणजे काही झालं नाही. वीण दगडासारखी ताठ. फक्त पायांना कळलं, आपण किती दमलोय ते. मिस्त्रीनं चहा ठेवला, तो निवला, तरी ती उठेना.

"मिस्त्री, नाव सांगू माझं?"

सांगितलं.

"चांगलं आहे की," मिस्त्री म्हणाला. "मला वाटलं, काहीतरी भयंकर असेल."

संध्याकाळी मामानं खुर्ची एका हातानं उचलली आणि थबकला. "हलकी कशी झाली ही?"

"नवा वेत हलकाच असतो," मिस्त्रीनं ठोकून दिलं. नवा असो की जुना, वेताला वजन ते कितीसं!

ती घरी आली, दाराला आतून कडी लावली आणि वळली. कपड्यांच्या घड्या जमिनीवर ओळीनं ठेवलेल्या, एकही न विस्कटलेली. तिच्या खुर्चीची बैठक मधोमध खोल गेली होती. आणि तोच वास.

"चुक..." अर्धा शब्द बाहेर आला. उरलेला तिनं गिळला. पाय ठणकत होते.

"उठा," ती म्हणाली. मग दम खाऊन म्हणाली, "ऊठ. माझी जागा आहे ती."

खुर्ची करकरली, कुणी जड माणूस उठताना करकरते तशी. वेत हळूहळू वर आला, ताठ झाला. ती दाराकडे बघत राहिली. कडी हलली नाही.

बराच वेळ उभं राहून तिनं ताट वाढून घेतलं आणि खुर्चीवर बसली. बैठक कोमट होती. समोरच्या मोकळ्या फरशीकडे बघत तिनं घास घेतला.

"उभा राहा मग," ती म्हणाली. "होते सवय."

तिचं जेवण होत आलं, तेव्हा समोरच्या फरशीवर अगदी बारीक आवाज झाला... एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतल्याचा.