लाजलहर

गोळी घेऊन बराच वेळ झाला होता आणि हवालदार सर्जेराव निगडे खडकाला पाठ टेकून चक्क जांभया देत होता.

खडक खरा नव्हता आणि समोरची शत्रूची टेकडीही खरी नव्हती. माळावरच्या मेंदू संशोधन केंद्रात उभारलेली ती आभासी रणभूमी होती. पण डोळ्यांवरचा चष्मा आणि अंगावरच्या जाकिटातले हादरे इतके अस्सल होते, की तिथं उतरलेला प्रत्येक जवान आजवर घामानं निथळत बाहेर आला होता. आज मात्र सर्जेरावची अख्खी तुकडी सावलीत बसलेल्या गुरांसारखी निवांत होती. त्याचा जोडीदार धुमाळ आडवा होऊन म्हणाला, "म्याडम, चा कवा मिळंल?"

काचेपलीकडे बसलेल्या डॉ. वैजयंती केळुसकरनं कपाळाला हात लावला. तिच्या शेजारी डॉ. दिगंबर उकिडवे होते. 'अभय' ही गोळी त्यांची. मेंदूतली भीती निजवायची, एवढंच तिचं काम. भीती गेली की जवान वाघासारखा झेपावेल असं सगळे धरून चालले होते. सर्जेराव तर मुळातच वाघ. खऱ्या लढाईत, खऱ्या टेकडीवर तो सगळ्यांच्या आधी उठून धावला होता आणि त्याचं पदक त्याच्या छातीवर होतं. गोळीशिवाय घेतलेल्या प्रत्येक चाचणीतही पहिला उठला तो तोच.

"घ्या!" उकिडवे म्हणाले. "इतकी वर्षं खपून मी झोपेचं औषध बनवलं की काय?"

वैजयंतीनं आधीच्या चाचणीतला आणि आजचा असे सर्जेरावच्या मेंदूचे दोन आलेख शेजारी शेजारी लावले. आणि ती एकदम खुर्ची पुढे ओढून बसली.

"दिगंबर, भीती एक नाही, दोन आहेत. ही मरणलहर. ती माणसाला खडकामागे दाबून ठेवते. आणि ही दुसरी बघ. धुमाळनं मान वळवून याच्याकडे पाहिलं की ती उसळते. ही पहिलीच्या वर गेली की हा उठतो. दर वेळी."

"दुसरी कसली भीती?"

"लाजेची. आपण पडून राहिलो तर उद्या यांना तोंड कसं दाखवायचं, ही. लाजलहर म्हणू हिला."

"आणि माझ्या गोळीनं दोघींनाही अंगाई म्हटली."

"मरायची भीती गेली, पण पडून राहायची लाजही गेली. मग उठायचं कशाला?"

पुढच्या चाचण्या त्यांनी गोळीशिवाय घेतल्या. आभासी रणभूमीतून सगळे साथीदार पुसून टाकले, तर एकटा सर्जेराव शहाण्यासारखा खडकामागे बसून राहिला. एकट्या धुमाळचा चेहरा परत आणला आणि तो उठला. मग उकिडव्यांना खोडी सुचली. त्यांनी आभासी साथीदारांना 'जाऊ नको' अशा माना हलवायला लावल्या. लाजलहर तितकीच उंच गेली, आणि सर्जेराव खडकाला आणखीच चिकटला.

"म्हणजे लाज हे नुसतं इंजिन," उकिडवे म्हणाले. "सुकाणू बघणाऱ्यांच्या डोळ्यांत."

वैजयंतीला हे फारसं महत्त्वाचं वाटलं नाही. तिनं यंत्राला सोपा नियम शिकवला होता: लाजलहर मरणलहरीच्या वर गेली की पडद्यावर 'उठणार' असं उमटायचं. तेवढं पुरेसं होतं.

चाचण्या संपल्यावर पलटणीनं बडाखाना ठेवला. अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात, अधिकारी आग्रहानं वाढतात, थट्टामस्करी चालते, अशी ती रीत. मटणाच्या रश्श्याचा वास मंडपभर पसरला होता. जवान म्हणाले, "म्याडम, आमच्या डोस्क्यात काय घावलं ते आमालाबी दावा की." वैजयंतीला ते मनापासून आवडलं. ज्यांचे मेंदू तपासले त्यांना निष्कर्ष सांगायलाच हवा, असं तिचं तत्त्व होतं. तिनं पडदा लावला, सर्जेरावच्या डोक्यावर संवेदकांची टोपी चढवली आणि सगळं सोप्या मराठीत समजावलं.

"आपण ज्याला शौर्य म्हणतो ना, ते या आलेखात कुठंच सापडत नाही," ती म्हणाली. "निगडे टेकडीवर धावले ते तुम्ही काय म्हणाल या लाजेपोटी." तिच्या मते तो जवानांच्या मैत्रीचा गौरव होता.

मग मागून धुमाळ ओरडला, "आरं तिच्या! आपला वाघ तर लाजाळूचं झाड निघालं!"

हास्याचा स्फोट झाला. हा प्रकल्प ज्यांच्या देखरेखीखाली होता ते ब्रिगेडियर जगतापही डोळे पुसत हसले. सर्जेरावही हसला, पण त्याचे कान लाल झाले. आणि वैजयंतीच्या मागच्या पडद्यावर त्याची लाजलहर वर चढत गेली, इतकी की कुठल्याही चाचणीत गेली नव्हती. तिनं ती पाहिली. पाहून तिला आनंद झाला. इतका स्वच्छ आलेख पूर्वी कधी मिळाला नव्हता, म्हणून तिनं तो घाईघाईनं जतन केला.

दुसऱ्या दिवशी सर्जेराव प्रयोगशाळेच्या दाराशी उभा होता, गणवेश कडक इस्त्रीचा.

"म्याडम, त्यो आलेख पुसता येईल का?"

"अहो निगडे, प्रयोगाच्या नोंदी अशा पुसता येत नाहीत. आणि यात अपमान कसला? विज्ञानात मान-अपमान नसतो."

"तसं न्हवं." तो टोपीशी चाळा करत राहिला. "माझ्या पोरीला मी त्या टेकडीची गोष्ट सांगितलीया. ती समद्या शाळंला सांगती. ती गोष्ट खोटी हाय का, एवढंच इचारायचं व्हतं."

तिला बैठकीला उशीर होत होता. "खोटी नाही, अपुरी आहे," असं काहीसं ती म्हणाली. तो "बरं" म्हणून गेला.

पावसाळ्यानंतर सीमेवर चकमकी सुरू झाल्या आणि तुकडी वर गेली. परत आली तेव्हा तिच्यात सर्जेराव नव्हता. हात गळ्यात बांधलेला धुमाळ केंद्रावर आला आणि खुर्ची दिली तरी बसला नाही.

"थांबायचा हुकूम व्हता, म्याडम. सकाळी तोफा येणार व्हत्या, दुश्मनाचं ठाणं आपसूक पडणार व्हतं. आमी खडकाआड निवांत. मी मस्करीत म्हणलं, काय लाजाळू, पानं मिटली का?" त्यानं गळ्यातला हात सावरला. "त्यानं एकदा आमच्याकडं वळून बघितलं, आन् उठला. एकलाच."

वैजयंतीला पुढचं ऐकू आलं नाही. पडद्यावर चढत गेलेली ती रेघ आणि ती जतन करणारं स्वतःचं बोट तेवढं तिला दिसत राहिलं. टोमणा धुमाळचा होता, पण तो त्याच्या हातात ठेवला होता तिनं. तिला स्वतःची किळस आली.

महिन्याभरानं मुख्यालयात बैठक भरली. लांब टेबलाभोवती वरिष्ठ अधिकारी आणि केंद्राचे संचालक बसले होते, शेजारी उकिडवे. वैजयंतीनं मनाशी ठरवलं होतं की उभं राहायचं आणि सांगायचं, हा प्रकल्प बंद करा, यानं एक माणूस मारला आहे.

"गोळी आपण रद्द करतोय," ब्रिगेडियर जगताप म्हणाले. "तिची गरजच नाही. हुकमाशिवाय एकटा उठून निगडेनं मला एक गोष्ट शिकवली. औषध नको, सुई नको. प्रत्येक तुकडीत बडाखान्याला असाच एक आलेख सगळ्यांसमोर दाखवायचा. पुढचं काम जवान एकमेकांत करतात. फुकट आणि खात्रीचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. "डॉक्टर, हे श्रेय तुमचं. चला, प्रात्यक्षिक दाखवा. आज टोपी तुम्हीच घाला."

हसत हसत कुणीतरी टोपी तिच्या डोक्यावर चढवली. भिंतीवरच्या पडद्यावर तिच्याच मेंदूच्या दोन रेघा धावू लागल्या.

आता उठायचं, ती मनात म्हणाली. तिच्या कानांत धुमाळचा आवाज होता आणि दाराशी उभी असलेली ती कडक इस्त्री डोळ्यांपुढे होती. लाजलहर चढू लागली. ती सर्जेरावच्या रेघेइतकी झाली आणि तिच्याही वर गेली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटलं: उठणार.

खोलीत कौतुकाची कुजबुज झाली. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले. प्रसन्न, अभिमानी डोळे. संचालकांनी तिच्याकडे पाहून हलकेच मान हलवली, शाबास अशी. याच माणसांत तिची वीस वर्षं गेली होती. उद्या तोंड दाखवायचं ते यांनाच.

तिचे गुडघे हलले नाहीत.

सर्जेरावच्या मुलीला तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्या कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीत ती पोर नुसती येऊन बसली असती, तरी एक चेहरा पुरला असता. पण तिला इथं कोण बोलावणार? शेजारी उकिडवे होते. सुकाणूचं सगळं त्यांना ठाऊक होतं. ते मान खाली घालून स्वतःच्या नखांकडे बघत होते.

जगतापांनी घड्याळ पाहिलं, मग पडद्याकडे. 'उठणार' तसंच झळकत होतं आणि वैजयंती तशीच बसलेली होती.

"काय डॉक्टर? यंत्र चुकलं का तुमचं?"

लाजेबद्दल यंत्रानं तिला आत्तापर्यंत इतकं खरं कधीच सांगितलं नव्हतं.

"किरकोळ दोष आहे, साहेब," ती म्हणाली. "महिन्याभरात दुरुस्त करून देते."

आणि तिनं टोपी काढली, कारण तो आलेख आता कुणी बघायला नको होता.