सोलोतली रिकामी जागा

भुताची गोष्ट म्हटली की लोक आधी विचारतात, अमावस्या होती का?

नव्हती. रात्रसुद्धा नव्हती.

गेल्या मे महिन्यातली टळटळीत दुपार होती. भोरच्या एसटी स्टँडमागची गल्ली, पहिल्या मजल्यावरची खोली. आणि जिच्या बाबतीत हे घडलं ती सुलक्षणा माझी सख्खी मावसबहीण आहे. ती खोटं बोलत नाही, उलट नको तितकं खरं बोलते. तुम्हाला पटलं नाही तरी माझं काही म्हणणं नाही. फक्त जेवताना वाचू नका.

सुलक्षणाला स्वच्छतेचं खूळ. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी चालत नाही, टपरीवरचा चहा चालत नाही. रस्त्यात कोणी जवळ थुंकलं तर ही घरी येऊन चप्पल धुणार. आम्ही भावंडं तिला 'सोवळ्यातली' म्हणून चिडवायचो. सुपारीचं खांडसुद्धा तिनं कधी तोंडात टाकलं नव्हतं.

हे लक्षात असू द्या.

भोरमध्ये ती मुलांना पेटी आणि कीबोर्ड शिकवते. जीव मात्र जॅझ पियानोत अडकलेला. पुण्यातल्या एका हॉटेलला संध्याकाळी पियानो वाजवणारं माणूस हवं होतं. जूनमध्ये निवड होती. ते धून देणार, आणि तिच्यावर तिथल्या तिथे आपला सोलो, म्हणजे एकट्यानं करायचं वादन, रचून वाजवायचा. शिकवण्यांतून सुटायची ही एकच वाट तिला दिसत होती.

मोबाईलवरून शिकवणारे तिचे पुण्याचे सर सांगायचे, "आयत्या वेळी सुचणं आभाळातून पडत नाही. मोठ्या वादकांचे सोलो घ्या. रेकॉर्डिंग निम्म्या वेगावर आणा. आधी गळ्यातून गा, मग एकेक सूर बोटात उतरवा. आणि वादक जिथे थांबतो, ती जागा सगळ्यात आधी शिका. त्याचं सगळं तिथेच असतं."

तिनं कितीतरी सोलो घोटले. सर म्हणाले, "छान. पण हे सगळेच वाजवतात."

तेव्हा तिला भोरजवळच्या आंबवडे गावचे मानसिंगतात्या आठवले.

तात्या तरुणपणी पुण्याच्या एका हॉटेलात कपबशा धुवायला गेले आणि तिथल्या पियानोवर बसले ते जन्मभर जॅझच वाजवत राहिले. म्हातारपणी हॉटेलनं मोडीत काढलेला तोच पियानो टेम्पोत घालून त्यांनी गावी आणला. ते वारले त्याला आता काही वर्षं झाली. सुलक्षणा गावी जाऊन भेटली, तेव्हा घरी वाजवताना त्यांनी टेप केलेल्या कॅसेट त्यांच्या बायकोनं, चंद्राबाईनं, तिच्या पिशवीत घातल्या.

"ने गं पोरी. हितं कोन ऐकतंय?"

सुलक्षणानं कॅसेट ऐकली आणि येडी झाली. सूर चढत जायचे, चढत जायचे, आता टोकाला पोचणार, तेवढ्यात...

काहीच नाही.

रिकामी जागा.

आणि मग असा सूर यायचा की अंगावर काटा उभा राहावा.

तिनं रेकॉर्डिंग मोबाईलवर घेऊन निम्म्या वेगावर आणलं. मग त्या रिकाम्या जागेत एक बारीक आवाज ऐकू आला.

पच्...

पियानोचं पेडल ढिलं असेल, असं तिला वाटलं. तिनं ती जागा जशीच्या तशी उचलली. मान किंचित डावीकडे, बोटं वर, आणि पुन्हा सूर. मान का वळते ते तिचं तिलाच कळेना. सर तर खूशच झाले. "हा थांबा कुठून आणलात हो?"

मग ती दुपार आली.

पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद. खिडकीही लावलेली. सोलो रंगात आला, रिकामी जागा आली, सुलक्षणानं बोटं उचलली...

आणि तिचं तोंड पाण्यानं भरलं.

तिनं गिळलं. पुढच्या थांब्याला पुन्हा भरलं. या वेळी दाट होतं. कडू होतं. जिभेच्या टोकाला चुना झोंबला.

ती बेसिनकडे धावली.

तपकिरी. तार सुटलेली, फेसाळ, तपकिरी थुंकी.

तिनं मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या. हिरड्या सोलवटेपर्यंत दात घासले. आरशात पाहिलं तर जीभ स्वच्छ होती. उन्हानं पित्त झालं असेल, असं स्वतःला सांगून ती परत कीबोर्डवर बसली. निवड तोंडावर आलेली, बसून करणार काय?

पहिलाच सूर दाबला. बोट उचललं...

पट्टी बोटाला चिकटून वर आली आणि सुटली. मध्ये थुंकीची एक तार लोंबत राहिली.

आता वासही येत होता. किडक्या दाढेचा, शिळ्या तंबाखूचा. तिनं तोंड फिरवलं. वासही फिरला. तो तिच्याच श्वासातून येत होता.

तरी तिनं वाजवलं. हट्ट म्हणा, किळसेतून आलेला राग म्हणा. पुन्हा ती जागा आली. मान आपोआप डावीकडे वळली. जिभेवर काहीतरी कडक आलं. तिनं ते तळहातावर थुंकलं.

दात होता. काळपट, आतून पोकळ. मुळाला लाल-पिवळं काहीतरी चिकटलेलं.

सुलक्षणानं जीभ आपल्या दातांवरून फिरवली.

सगळे जागेवर होते.

दुसऱ्या दिवशी कॅसेटची पिशवी घेऊन ती एसटीनं आंबवड्याला गेली. चंद्राबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आजी, तात्या वाजवताना मध्येच का थांबायचे?"

म्हातारी हसायला लागली. "अगं, तंबाकू! गालात तंबाकू धरल्याबिगर हात चालायचा न्हाई त्यांचा. तोंड भरलं की थांबायचं, डाव्या अंगाला डबा असायचा राखंचा, त्यात थुकायचं की परत सुरू. लई सांगितलं म्या. शेवटी जबडा सडला. डब्यात रगत यायचं, दात यायचं, पर वाजवायचं सोडलं न्हाई."

ज्या जागेवर सर खूश होते, जी तिनं इतकी घोटली होती, ती थुंकायची जागा होती.

चंद्राबाईंनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. हसू थांबलं.

"पोरी... तू ते बी शिकलीस व्हय?"

सुलक्षणानं होकारार्थी मान हलवली.

"त्यो डबा म्या ठेचून टाकला, ते गेल्यावर," म्हातारी हळूच म्हणाली. "आता कुठं थुकत असतील, कुनास ठावं."

सुलक्षणानं ओढणीनं ओठ खसाखसा पुसले. पिशवी ओसरीवर ठेवली आणि मागे न बघता निघाली.

त्या दिवसापासून तिनं तो सोलो सोडला. पण सोलो तिला सोडेना. काहीही वाजवलं की ती जागा यायचीच. मग तिनं ठरवलं, निवडीला थांबायचंच नाही. रिकामी जागा ठेवलीच नाही तर तात्या येणार कुठून?

निवडही दुपारीच होती. हॉटेलात मोठा काळा पियानो, समोर बसलेली चार माणसं. धून मिळाली. सुलक्षणानं सुरुवात केली आणि सुरांमागून सूर लावत सुटली. कुठे फट ठेवली नाही. सगळं तिचं होतं, तिथंच सुचलेलं. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणासारखीच वाजवत नव्हती.

आणि तोंड भरत होतं...

थांबा नव्हता, म्हणून भरतच होतं. गाल फुगले. ओठांच्या कडेला ओल आली. थुंकावं तर समोर माणसं, पांढऱ्या पट्ट्या, आणि सुटायची एकुलती एक वाट. जिभेवर काहीतरी मऊ, तुटकं हललं.

तिनं गिळलं.

सगळं. वाजवता वाजवता, शेवटच्या सुरापर्यंत, गिळत राहिली.

टाळ्या पडल्या. नोकरी तिलाच मिळाली.

मी दिवाळीत तिला ऐकायला गेलो होतो. लोक केक खात होते, ती वाजवत होती. फार सुंदर वाजवते हो, खोटं कशाला बोलू! पण माझी नजर तिच्या गळ्यावर होती. तो सारखा हलत होता. मी समोरचा केक तसाच ठेवून उठलो.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. डाव्या गालाच्या आत फोड आलाय, दवाखान्यात जाऊन आले, म्हणाली. डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तंबाखू किती वर्षं खाताय?"

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"मी म्हटलं, डॉक्टर, मी तर कधी..."

ती मध्येच थांबली.

फोन चालू होता. तिकडे श्वास ऐकू येत होता, ओला, जड.

पच्...

"...कधीच नाही," ती पुढे म्हणाली. जसं काही झालंच नव्हतं.

मी फोन ठेवला आणि रुमालानं कान पुसला. कान कोरडाच होता.

तरी मी आजही पुसतोच आहे.