दाजींचा बंपर

वाटल्यास विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पटवून देत बसायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही. पण हे घडलंय. माझ्याच वर्कशॉपमध्ये, भर दुपारी, चार वाजून दहा मिनिटांनी.

बावीस वर्षं मी गाड्यांना बंपर बसवतोय. कंबर गेली, डोळे गेले, बोल्ट आवळणं काही सुटलं नाही.

ताईच्या नवऱ्याला, म्हणजे दाजींना, पिकअप ट्रकला जाड लोखंडी बंपर हवा होता.

"मेव्हणे, असा दणकट बसवा की समोरच्यानं सलाम ठोकला पाहिजे!"

गाडीच्या नाकापाशी एक सेन्सर असतो. धडक बसली की तो आत कळवतो, मग एअरबॅग फुगते. नवा बंपर बसवताना तो मध्ये येत होता. मी तो सोडवून मागे सरकवला आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधून टाकला.

"चालेल ना असं?" दाजींनी विचारलं.

"चालतंय हो. काही होत नाही."

दोन महिन्यांनी ट्रक खांबावर आदळला. दुपारी चार दहाला.

एअरबॅग उघडलीच नाही. दाजी जागच्या जागी गेले.

बंपरवर मात्र साधा ओरखडा नव्हता.

ट्रक वर्कशॉपच्या मागे आणून ठेवला. बॅटरी मी स्वतः काढली. आणि तिसऱ्या दिवशी आतून आवाज आला...

टिंग... टिंग... टिंग...

सीटवर कुणी बसलं आणि बेल्ट लावला नाही की वाजतो ना, तोच.

सीट रिकामी होती. घड्याळात चार दहा.

मग रोजचंच झालं. मी रेडिओ मोठा करायचो. सांगणार कुणाला? ताईला? कोणत्या तोंडाने?

अकराव्या दिवशी भाची आली. दाजींचा मालवाहतुकीचा धंदा आता तीच बघते. नवी पिकअप घेऊन आली होती.

"मामा, बाबांचा बंपर माझ्या गाडीला बसव. एवढ्या धडकेत वाकला नाही बघ. आईलाही तेवढाच धीर."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण उठलो आणि पाना घेतला. तिच्या गाडीचा सेन्सरही तिथेच होता. तोही सोडवला. पट्टी काढायला खिशात हात घातला...

टिंग.

"मामा, मागच्या ट्रकमध्ये कोण बसलंय?"

टिंग... टिंग...

मग एकदम शांत. रेडिओसुद्धा बंद.

आणि फट्ट!

आम्ही मागे धावलो. स्टिअरिंगवर पांढरी पिशवी फुगलेली होती. हळूहळू हवा सोडत होती... थकलेल्या माणसाने श्वास सोडावा तशी.

तिच्यावर कपाळाचा ठसा होता. नाकाचा. आणि दोन गोल...

दाजींच्या चष्म्याचे.

भाचीने त्या गोलांवरून बोट फिरवलं. मी खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. सेन्सर, पट्टी, 'काही होत नाही'... सगळं.

तिने तिच्या गाडीचा सुटलेला सेन्सर हातात घेतला.

"आणि आज माझ्या गाडीलाही तेच करत होतास?"



सेन्सर तिने दुसरीकडून नीट बसवून घेतला. बंपर तिथेच टाकून गेली.

नंतर एका ओळखीच्या मेकॅनिकने ती एअरबॅग उघडून पाहिली आणि डोकं खाजवत राहिला. पिशवी फुगवणारं काडतूस आत जसंच्या तसं होतं. पेटलेलंच नव्हतं.

ट्रक, बंपर, सगळं भंगारात जाऊन महिना झाला. भाची आता मला मामा म्हणत नाही. एवढंच म्हणाली, "आईला तूच सांगायचंस."

ताई दर रविवारी फोन करते. "त्यांच्या गाडीची तू किती काळजी घ्यायचास रे," म्हणते आणि रडते. मी हूं हूं करतो.

मागची जागा रिकामी आहे. तिथून आवाज अजून येतो, चार दहाला. हातातला पाना ठेवून मी तिथे जातो.

"सांगतो हो दाजी," म्हणतो. "उद्या नक्की सांगतो."